भाकड गाईंचे दान

कठोपनिषदाचा आरंभ ज्या प्रसंगाने होतो तो आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला. परंतु दक्षिणा म्हणून ज्या गाई दाराबाहेर निघाल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा विण्याची आशा नसलेल्या अशा होत्या. नचिकेत्यास ते पाहवले नाही. पुढे तो यमसदनी गेला व त्याने आत्मविद्या संपादन केली, या भागावर प्रवचनकार रात्रीच्या रात्री जागवितात. आरंभीच्या त्या गाईंकडे मात्र ओझरती दृष्टी टाकून पुढे जातात. वकिली दृष्टीने पाहता त्या गाईंचा प्रश्नही काही लहान नव्हे. दाता ज्यास दान म्हणतो त्यास शेजारी उभा असलेला मनुष्य ओझे उतरविणे म्हणतो. आणि गाय घेणाऱ्याच्या गोठ्यात येऊन उभी राहिली म्हणजे तिला जन्मभर चारा कोणी घालावयाचा, हे यज्ञमंडपात कोणीच विचारीत नाही.

आजच्या जगात असे यज्ञ नित्य चालू आहेत. एका देशात निरुपयोगी झालेली वस्तू दुसऱ्या देशात पाठविली जाते. तिच्यावर पुनर्प्रक्रिया होईल, तिच्यातून नवी वस्तू निर्माण होईल, असे सांगितले जाते. आणि घेणारा देश पुष्कळदा ती पैसे मोजून घेतो. या व्यवहाराचे नियमन करणारा आपल्या देशातील मुख्य ग्रंथ म्हणजे 'घातक व इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियम, 2016' हा होय. तो साहित्य म्हणून कोणी वाचीत नाही, आणि वाचावा असा त्याचा आग्रहही नाही. तथापि ज्या ग्रंथातील एका शब्दावर शेकडो गावांचे पाणी आणि हवा अवलंबून असते, त्याचे परीक्षण नाटक-कादंबरीच्या परीक्षणाइतक्याच काळजीने व्हावे असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम गुणांविषयी. या नियमांतील नियम 12 निःसंदिग्ध शब्दांत सांगतो की, विल्हेवाटीसाठी कोणत्याही देशातून कचरा भारतात आणता येणार नाही. आणावयाचा तर तो पुनर्प्रक्रिया, पुनर्प्राप्ती, पुनर्वापर अथवा उपयोग यांसाठीच. आमचा देश कोणाचा उकिरडा नव्हे, ही घोषणा त्यात आहे आणि ती योग्यच आहे. तिच्यामागे जगाचा कडू अनुभव उभा आहे. 1986 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील कचराभट्ट्यांची सुमारे 14 हजार टन राख घेऊन 'खियान सी' नावाचे जहाज निघाले. एकामागून एक बंदराने त्यास नकार दिला. 1988 च्या आरंभी हैती या गरीब देशाच्या किनाऱ्यावर त्याने सुमारे 4 हजार टन राख उतरविली, ती खत म्हणून! उरलेली राख घेऊन ते पुन्हा भटकू लागले. वाटेत ते 'फेलिसिया' झाले, मग 'पेलिकानो' झाले, आणि शेवटी पोट रिकामे करून उभे राहिले. ती राख समुद्रात गेली होती. राखेचे नाव बदलले, जहाजाचे नाव बदलले, राख तीच राहिली. अशा प्रकरणांचा बोभाटा झाल्यावर 22 मार्च 1989 रोजी बाझल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. तो 1992 साली अंमलात आला आणि त्याच वर्षी भारताने त्यास मान्यता दिली. अमेरिकेने त्यावर सही केली आहे, मान्यता अद्याप दिलेली नाही. सर्वांत मोठ्या दात्यांपैकी एक यजमान यज्ञाच्या नियमांबाहेरच बसला आहे.

आता दोषाविषयी. बाझल कराराची शब्दयोजना बारकाईने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या करारात 'विल्हेवाट' हा शब्द व्यापक आहे. जाळणे, पुरणे, समुद्रात टाकणे हे तर त्यात येतेच. पण कचऱ्यातून धातू, तेल वा अन्य द्रव्य काढून घेण्याच्या क्रियाही परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात विल्हेवाटीच्याच मथळ्याखाली गणल्या आहेत. करार करणाऱ्यांस हे पक्के ठाऊक होते की, उपयुक्त अंश काढून घेतल्यावर काहीतरी उरतेच, आणि जे उरते त्याची विल्हेवाटच लावावी लागते. आमच्या नियमांनी हे एक घर भिंत घालून दोन केले. एका खोलीवर 'विल्हेवाट' अशी पाटी लावून तिला कुलूप ठोकले, दुसरीवर 'पुनर्प्रक्रिया' अशी पाटी लावून तिचे दार उघडे ठेवले. पण भिंत कागदी आहे. पलीकडच्या खोलीतील घाण अलीकडे झिरपल्यावाचून राहत नाही.

शिवाय माल कोणत्या खोलीत जाणार हे ठरते कशावरून? उद्देशावरून. उद्देश मनात असतो. बंदरावर येतो तो कागद. केंद्राची परवानगी, माल निघण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती, हे सारे उपचार नियमांत आहेत आणि ते निरर्थक आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु वस्तू काय आहे यापेक्षा ती कशासाठी आणली असे आणणारा म्हणतो, यावर जेथे दार उघडते, तेथे शब्द फिरविणाऱ्याचे चांगलेच फावते, हे न्यायालयाच्या आवारात आयुष्य घालविणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही.

याचे मोठे उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर घडले आहे. उरणनजीकच्या न्हावा-शेवा बंदरात 133 पेट्या येऊन पडल्या होत्या. कागदोपत्री त्यांत वंगणाचे तेल होते. तपासणी झाली तेव्हा ते वापरून टाकलेले घातक तेल निघाले. घातक कचऱ्याच्या आयातीविरुद्ध 1995 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या प्रसिद्ध याचिकेत हा प्रश्न आला. प्राध्यापक एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या याचिकेत देशभरच्या स्थितीचा अभ्यास केला होता. 5 जानेवारी 2005 रोजी न्यायालयाने आदेश दिला की, हे तेल आयात करणाऱ्यांच्या खर्चाने जाळून नष्ट करावे. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, आणि शंका असेल तेथे आधी सावध व्हावे, ही दोन तत्त्वे त्या निकालाने दृढ केली. निकालाविषयी आम्हांस आदर आहे. तथापि टीकाकाराने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. विल्हेवाटीसाठी आयात करण्यास बंदी असलेल्या देशात अखेर झाले काय? परक्या देशातून आलेल्या घातक तेलाची विल्हेवाट याच देशात लावावी लागली. आणणाऱ्यास दंड बसला. पाठविणारा कोणी न्यायालयात उभा नव्हता. धूर आमच्या आकाशात गेला. बेकायदा आलेला कचरा आणणाऱ्याने 90 दिवसांच्या आत स्वखर्चाने परत पाठवावा, असा नियम आज 2016 च्या ग्रंथात आहे आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु परत पाठविण्यासाठी आधी तो सापडावा लागतो.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. भंगार हा काही तुच्छ व्यवसाय नव्हे. गावोगाव हातगाडी फिरविणारा कबाडी नसता तर आपली घरे आणि शहरे केव्हाच गाडली गेली असती. लोखंडाच्या भंगारातून नवे लोखंड होते, रद्दीतून पुठ्ठा होतो, आणि खाणी व जंगले तेवढी वाचतात. भावनगर जिल्ह्यातील अलंगच्या किनाऱ्यावर जुनी जहाजे फुटतात त्यावर हजारो कुटुंबे जगतात आणि देशास पोलाद मिळते. 2006 साली तेथे 'ब्लू लेडी' नावाचे प्रवासी जहाज आले. तेही एकेकाळी 'फ्रान्स' होते, पुढे 'नॉर्वे' झाले होते. त्याच्या पोटात ॲस्बेस्टॉस होते म्हणून हरकत घेतली गेली; 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने रोजगार आणि पोलाद यांचा तोल पाहून ते फोडण्यास परवानगी दिली. त्याच सुमारास 'क्लेमांसो' या फ्रेंच युद्धनौकेची गत निराळी झाली. अलंगकडे निघालेली ती नौका, जगभर ओरड झाल्यावर, 2006 च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या अध्यक्षांनी परत बोलाविली, आणि पुढे ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. एकाच जातीच्या दोन गाई. एक गोठ्यात आली, एक दात्याच्या दारी परतली. भेद गाईत नव्हता. एकीच्या वेळी दात्यास लाज वाटली, एवढाच होता.

पोलाद मिळते हे खरे. पण जहाजाचे पोलाद होते तसे ॲस्बेस्टॉसचे काय होते? तेलाच्या गाळाचे काय होते? पोलाद बाजारात जाते आणि त्याचा हिशेब वहीत उतरतो. गाळ जमिनीत जातो आणि त्याचा हिशेब फोडणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात उतरतो. म्हणून पुनर्प्रक्रिया चांगली की वाईट, हा प्रश्नच आम्हांस चुकीचा मांडलेला वाटतो. खरा प्रश्न असा की, उपयुक्त अंश काढल्यावर जे उरते ते कोणाचे? वाजश्रवसाच्या गाईला एखादवेळी शेणाचा उपयोग असेलही. म्हणून चाऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

हा प्रश्न केवळ समुद्रावरचा नाही. देशाच्या आत ज्या सीमा आहेत त्यांवरही तो उभा आहे, आणि तो पाहावयाचा तर पांढुर्णा-सौंसर या भागाइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. गोमंतक, कारवार, मंगळूरकडील वाचकांस ही नावे तितकीशी परिचित नसतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्णा, आणि जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंतामुळे सौंसर, एवढे काहींनी ऐकलेले असेल. हा संत्र्यांच्या बागांचा, मराठी घरांचा प्रदेश. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन तालुके मध्यप्रदेशातच राहिले. 2023 साली त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. बैतुलकडून येणारा रस्ता पांढुर्ण्यावरून आणि छिंदवाड्याकडून येणारा रस्ता सौंसरवरून निघून दोन्ही सावनेरला मिळतात आणि नागपुरात शिरतात. सोयरीक, बाजार, दवाखाना, सारे नागपूरचे, सरकार भोपाळचे. भाषा सीमा ओलांडते, संत्री ओलांडतात, माणसे रोज ओलांडतात. कचऱ्याने ओलांडावयाची झाली तर?

त्याचे उत्तर नियम 18 मध्ये आहे, आणि ते वाचताना आम्हांस पुन्हा तीच कागदी भिंत दिसते. घातक कचरा अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात न्यावयाचा तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. तोच कचरा पुनर्प्रक्रियेसाठी न्यावयाचा तर दोन्ही मंडळांस आधी नुसते कळविले म्हणजे पुरे. एकास अनुमती, दुसऱ्यास सूचना. सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतून नागपूरपलीकडचे बुटीबोरी हे दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. मध्यप्रदेशचे घातक कचऱ्याचे केंद्र पिथमपूर येथे, म्हणजे इंदूरच्याही पलीकडे आहे. कारखानदाराने आपल्या गाळास 'विल्हेवाटीचा' म्हटले तर त्यास दोन राज्यांच्या दारी उभे राहावे लागेल; 'पुनर्प्रक्रियेचा' म्हटले तर दोन पत्रे धाडून गाडी सोडता येईल. कोणी असे करतो असा आरोप आम्ही करीत नाही. प्रामाणिक मनुष्याने कोणता शब्द वापरावा याचे बक्षीस नियमाने कोणत्या बाजूस ठेवले आहे, एवढेच आम्ही दाखवितो.

आणि ज्या कचऱ्याने आपले खरे नाव सांगितले त्याचे काय झाले, हेही याच रस्त्याशी निगडित आहे. भोपाळची वायुदुर्घटना 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री घडली. युनियन कार्बाइड ही मूळची अमेरिकन कंपनी गेली, कारखाना बंद पडला, आणि विषारी कचरा आवारात पडून राहिला. त्याच्यातून काही काढून घेण्यासारखे नव्हते, म्हणून त्यास पुनर्प्रक्रियेचे सोंग घेता येईना. तो उघडपणे विल्हेवाटीचा कचरा होता. प्रथम गुजरातेतील अंकलेश्वरच्या भट्टीचा विचार झाला. गुजरात सरकारने नकार दिला. 2011 साली मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने तो नागपूरनजीकच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचा मार्ग सांगितला. तो कचरा निघता तर बैतुल-पांढुर्णा-सावनेर हाच त्याचा सरळ रस्ता होता. नागपुरात विरोध उठला, महाराष्ट्र शासनाने हरकत घेतली, प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि कचरा जागचा हलला नाही. 2012 साली तो विमानाने जर्मनीत नेऊन जाळण्याची बोलणी झाली. तेथील लोकांनीही नापसंती दर्शविली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती बोलणी मोडली. अखेर 1 जानेवारी 2025 च्या रात्री 337 टन कचरा 12 गाड्यांतून पिथमपुरास रवाना झाला. तेथेही लोक रस्त्यावर आले. परंतु पिथमपूर राज्याच्या आतच असल्यामुळे त्यास नाही म्हणणारे दुसरे राज्य नव्हते. जून 2025 अखेर तो जाळून झाला. जाळताना चुना व इतर द्रव्ये मिसळावी लागतात, म्हणून मागे राहिलेली राख व अवशेष यांचे वजन मूळ कचऱ्याहून अधिकच भरले. आणि ती राख कोठे पुरावी यावरून पुन्हा न्यायालयात वाद उभा राहिला. जाळल्यावरही प्रश्न मिटला नाही, त्याचे रूप मात्र बदलले.

नागपूरकरांनी नाही म्हटले याचा दोष आम्ही देत नाही. ज्याच्या अंगणात धूर येणार त्यास नाही म्हणण्याचा अधिकार असलाच पाहिजे. पण हा अधिकार पिथमपुरास का नसावा, आणि न्हावा-शेवाच्या पेट्या ज्यांच्या शेजारी पडून राहिल्या त्या उरणकरांस का नसावा? एकीकडे खरे नाव सांगणाऱ्या कचऱ्यास दोन राज्ये आणि एक परदेश यांची दारे बंद. दुसरीकडे वंगणाचे नाव घेऊन आलेल्या कचऱ्यास बंदराचे दार उघडे. ज्या कायद्यात सत्य सांगणे महाग आणि शब्द बदलणे स्वस्त असते, त्या कायद्याची भाषा सदोष आहे असे म्हणण्यास आणखी पुरावा लागू नये.

मग सुधारावयाचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे. नियमाने उद्देश विचारण्यापूर्वी अवशेष विचारावा. पुनर्प्रक्रियेसाठी कचरा आणणाऱ्याने वा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणाऱ्याने प्रथम हे लिहून द्यावे की, यातून एवढे उपयुक्त निघेल, एवढे उरेल, ते अमुक ठिकाणी जाईल, आणि त्याचा खर्च अमुक सोशील. ज्या ठिकाणी ते जाईल तेथील ग्रामसभेस वा नगरपालिकेस तो कागद दाखविला जावा आणि तिचे मत लेखी घेतले जावे. जे उरते त्याची जबाबदारी, ते सुरक्षित पुरले गेल्याचा दाखला मिळेपर्यंत, पाठविणाऱ्याच्या डोक्यावरून उतरू नये. हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर हैतीच्या किनाऱ्यावरील त्या राखेकडे बोट दाखवावे लागेल. बारा वर्षांनी, 2000 साली, ती तेथून उचलली गेली आणि 2002 साली पेन्सिल्व्हानियातच पुरली गेली. मलेशिया, इंडोनेशिया यांनीही, 2018 साली चीनने परदेशी प्लॅस्टिकला दार लावल्यावर आपल्या बंदरांत आलेल्या कचऱ्याच्या पेट्या, मूळ देशांस परत पाठविल्या आहेत. 2019 साली भारतानेही प्लॅस्टिक कचऱ्याच्या आयातीच्या उरलेल्या फटी बुजविल्या. म्हणजे दात्याच्या दारी गाय परत नेता येते. फक्त दोरी हातात असावी लागते.

भंगार महाग होईल, असा आक्षेप येईल. होईल, आणि व्हावेच. आज जे स्वस्त दिसते ते यासाठी स्वस्त आहे की चाऱ्याचा खर्च वेगळ्याच कोणाच्या खात्यावर मांडलेला आहे. ते खाते उरणच्या कोळ्याचे असते, अलंगच्या मजुराचे असते, पिथमपूरच्या विहिरीचे असते. किंमत वाढल्याने जो व्यवहार मोडेल तो मुळात व्यवहार नव्हताच. ज्यास खरोखर पोलाद हवे आहे तो गाळाचाही हिशेब देईल आणि पोलाद घेईल.

नचिकेत्याचे मोठेपण यमाशी झालेल्या संवादात आहे खरे. पण त्या संवादाची वाट गोठ्याच्या दारातून गेली, हे विसरून चालणार नाही. पुत्र असूनही त्याने पित्याच्या दानाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि असे दान देणाऱ्याचे काय होणार, असा विचार त्याच्या मनात आला. 2016 चे नियम लिहिणाऱ्यांनी गाय कोणत्या कामासाठी दिली हे विचारले आहे. ती किती दिवस जगेल आणि तिला कोण पोसील, हे विचारणारे एक कलम त्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत यावे.